तांब्यावर उतरलेला मसुदा

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी, गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर विद्युत्भाराने उमटलेली अक्षरे बारीक पुडीने दृश्य केली आणि मेणकागदावर उतरवून उष्णतेने पक्की केली; त्याच दशकात व्हिएन्नाहून लंडनला आलेले पॉल आयस्लर हे, रेडिओतील तारांचे जंजाळ टाळावे म्हणून, निरोधक फळीवरील तांब्याच्या पापुद्र्याचा अनावश्यक भाग रसायनाने खाऊन टाकण्याची हिकमत सिद्ध करण्यात गढलेले होते. परस्परांशी संबंध नसलेल्या या दोन शोधांचा संगम हौशी कारागिराच्या घरी, साध्या इस्त्रीखाली घडतो, आणि त्यातून त्याचा स्वतःचा पीसीबी, म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या रेघांनी जोडण्या साधणारी फळी, जन्मास येतो.

या संगमाचे मर्म टोनरच्या प्रकृतीत आहे. लेझर प्रिंटरचा टोनर ही शाई नव्हे. ती काजळी मिसळलेली प्लॅस्टिकची पूड होय, जी तापताच वितळते, पृष्ठाला चिकटते आणि निवाल्यावर पाण्याला वा क्षाराच्या द्रावणाला दाद देत नाही. म्हणूनच पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा इंकजेट प्रिंटर या कामी निरुपयोगी ठरतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा पापुद्रा चढवलेली निरोधक फळी, आणि तांबे विरघळवणारे फेरिक क्लोराईड हे दोन्ही जिन्नस मिळतात. क्लॅडवरील तांब्याचा थर बहुधा मिलिमीटरच्या ३५ सहस्रांशाइतकाच असतो. तो बारीक पॉलिशपेपरने घासून लखलखीत केला, की त्याला बोट लावू नये, कारण हाताचा तेलकटपणा टोनरला थारा देत नाही. कागद तांब्यावर पालथा पडताना सर्किटची आकृती उलटते, हे ध्यानी घेऊन ती गुळगुळीत, चकचकीत कागदावर गडद छापावी. मग वाफ बंद केलेली इस्त्री कडांसह सर्वत्र सारख्या दाबाने फिरवावी. फळी निवाल्यावर पाण्यात भिजत घातली म्हणजे कागदाचा लगदा होतो आणि अंगठ्याने हळुवार चोळताच सुटू लागतो. दोन रेघांमध्ये अडकलेला पांढरा तंतूही काढावा लागतो, कारण तो तांब्याचे रक्षण करून पुढे शॉर्ट सर्किट घडवितो. भिंगातून खातरजमा करून तुटलेली रेघ पक्क्या शाईच्या मार्करने जोडावी.

त्यानंतर फळी प्लॅस्टिकच्या पसरट भांड्यात, फेरिक क्लोराईडच्या कोमट द्रावणात ठेवून भांडे संथपणे हलवावे. द्रावणातील लोह उघड्या तांब्याचे इलेक्ट्रॉन हिरावून घेते, तांबे विरघळते, आणि कडांपासून मध्याकडे फळीचा मूळ रंग उघडा पडत जातो. अधिक वेळ ठेवल्यास द्रावण टोनरखालूनही रेघ कुरतडते, म्हणून शेवटचा ठिपका नाहीसा होताच फळी उचलावी, भरपूर पाण्याने धुवावी आणि ॲसिटोनने टोनर पुसावा.

हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा ही खबरदारी अपरिहार्य आहे. आणि वापरलेले द्रावण मोरीत ओतणे हा अपराधच मानावा, कारण विरघळलेले तांबे जलचरांना विषासमान असते. त्यात धुण्याचा सोडा थोडाथोडा घालून तांबे गाळात बसवावे आणि तो गाळ घातक कचऱ्यात वेगळा द्यावा.

कारखाने आज स्वस्तात, दोन्ही बाजू जोडणारी छिद्रे मुलाम्यासह करून देतात. ते काम घरी सहसा साधत नाही. तरीही नकाशा कारखान्याकडे धाडणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा तरी तो स्वहस्ते तांब्यावर उतरवावा, म्हणजे रेघ किती रुंद असावी, दोन रेघांत किती अंतर राखावे आणि तो नियम का झाला, हे त्याला पाठ करावे लागणार नाही.