डेटोना हवंय? आधी हार घ्या

भारत आणि ‘एफ्टा’ देशांमधला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, तेव्हापासून घड्याळवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो आहे: किती उतरलं? स्वित्झर्लंड या गटातलं मुख्य राष्ट्र. स्विस घड्याळांवरची २० टक्के आयात ड्युटी जाणार, हे एव्हाना सगळ्यांना तोंडपाठ झालंय. ती एका फटक्यात नव्हे, सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं जाणार, हे मात्र बातमीच्या खालच्या परिच्छेदात होतं आणि तिथवर बहुतेकजण पोचलेच नाहीत.

हिशेबाचं एकदाच उरकून टाकू. ड्युटी लागते ती बंदरावर किंवा विमानतळावर माल उतरतो त्या किमतीवर, शोरूममधल्या लेबलावर नाही. लेबलावरच्या आकड्यात दुकानदाराचं मार्जिन असतं, बीकेसीतल्या किंवा कुलाब्यातल्या जागेचं भाडं असतं आणि १८ टक्के जीएसटी असतो. दहा लाखांच्या घड्याळात दीड लाखाहून थोडी जास्त रक्कम नुसत्या जीएसटीची. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा घड्याळांना काही मिळालं नाही. शिवाय २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर एक टक्का टीसीएस घेतला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण बिल देताना खिशातून जातोच. दरम्यान सोनं महाग, फ्रँक महाग, आणि कंपन्या नव्या वर्षाचं स्वागत भाववाढीनं करतात. तेव्हा २० टक्के ड्युटी गेली म्हणजे घड्याळ २० टक्क्यांनी स्वस्त होईल, ही आशा सोडलेली बरी.

पण खरा घोळ किमतीचा नाहीच. ड्युटी उद्या शून्य झाली, लॉटरी लागली, पैसे मोजायची तयारी झाली, तरी तुम्हाला हवं ते घड्याळ दुकानदार विकेल का? स्टीलचं रोलेक्स डेटोना किंवा पातेक फिलिपचं नॉटिलस मागून पाहा. पैसे देणाऱ्यानं मालाची परीक्षा करायची ही बाजाराची जुनी रीत. इथं माल गिऱ्हाइकाची परीक्षा घेतो.

दृश्य साधारण असं. दरबान दार उघडतो. ‘वेलकम सर’ होतं, कॉफी येते, मऊ अस्तराचा ट्रे येतो, हातमोजे घातलेली बोटं तुमच्या मनगटावर घड्याळ चढवतात. आरसासुद्धा धरतात. घड्याळ मनात भरतं, तुम्ही किंमत विचारता, आणि तेव्हा कळतं की काचेतला हा नग फक्त प्रदर्शनासाठी आहे. विक्रीला नाही. नाराज होऊ नका सर, तुमची आवड नोंदवून ठेवतो. मग चौकशी सुरू होते, अतिशय गोड आवाजात. काय करता? कुठं राहता? खास प्रसंग आहे का? लग्नाचा वाढदिवस? आधी आमच्याकडून काही घेतलंय? शेवटचा प्रश्न सहज विचारल्यासारखा येतो आणि बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यासाठीच असतात.

कारण यादी आहे, पण ती नंबराची यादी नाही. तुमचा क्रमांक कितवा हे कुणी सांगत नाही. अनामत घेत नाहीत, पावती देत नाहीत, तारीख तर मुळीच नाही. पूर्वी हिला ‘वेटिंग लिस्ट’ म्हणत, आता ‘विशलिस्ट’ म्हणतात. रेल्वेच्या वेटिंग लिस्टमध्ये निदान डब्ल्यूएल ४७ असं काहीतरी हातात असतं.

या यादीत वर सरकायचा रस्ता कुणी लिहून देत नाही, पण जगभरच्या गिऱ्हाइकांना तो ठाऊक आहे. दुकानात आधी ‘नातं’ तयार करायचं. म्हणजे जे खपत नाही ते घ्यायचं. पत्नीसाठी हिऱ्यांच्या डायलचं एखादं, भावासाठी दुसऱ्या ब्रँडचं, आणि दुकान दागिन्यांचंही असेल तर एखादा हार. असा काही लाखांचा ‘इतिहास’ जमला की एके दिवशी फोन येतो: सर, तुमच्यासाठी एक गुड न्यूज आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटायचं कारण नाही. खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात जाऊन युरिया किंवा डीएपीची गोणी मागा. गोणी मिळेल, पण सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांचं पाकीट नाहीतर सल्फरची पिशवी घ्यावी लागेल. याला गावात ‘लिंकिंग’ म्हणतात. दर वर्षी कृषी विभाग लिंकिंग केल्यास परवाना रद्द करू असा इशारा देतो, दर वर्षी विक्रेते म्हणतात की आमच्यावरच कंपन्या लिंकिंग लादतात, आणि दर वर्षी शेतकरी ती नको असलेली पिशवी घरी आणतो. घड्याळाच्या शोरूममध्ये होतं ते हेच, फक्त एसीमध्ये. विक्रेत्याची तक्रारही तीच असते: आम्हाला चार चालणारी हवी असतील, तर कंपनीची न चालणारी चाळीस उचलावी लागतात.

फरक एवढाच की खताच्या लिंकिंगला आपण लूट म्हणतो आणि घड्याळाच्या लिंकिंगला ‘क्लायंट रिलेशनशिप’.

आता कायदा बघा, कारण इथं फार कुणी बघत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथे’ची व्याख्या आहे, कलम २(४१). एक वस्तू विकत मिळण्यासाठी आधी दुसरी घ्यायला लावणं, ही अट घालणारी प्रथा त्यात थेट बसते. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे: कबूल केलेल्या मुदतीपेक्षा उशीर करणं, ज्यामुळे भाव वाढतील. वरची विशलिस्ट आता पुन्हा आठवा. मुदत कबूल केलेलीच नाही, तर उशीर कसला? हार घेण्याची अट कुणी घातली? सर, तुम्ही तर हौसेनं घेतलात, बिल आहे की. आणि या कायद्यापुरता ग्राहक म्हणजे मोबदला दिलेला किंवा द्यायचं कबूल केलेला माणूस. अनामत घेतलेलीच नसल्यामुळे ज्या घड्याळासाठी तुम्ही दोन वर्षं झुरलात, त्या घड्याळापुरते तुम्ही ग्राहक आहात हे सिद्ध करतानाच घाम फुटेल. एवढी सोयीची व्यवस्था आपोआप तयार झाली असेल, तर तिच्या दैवाचं कौतुकच करायला हवं.

परदेशातही कोर्टाचा अनुभव फार उत्साहवर्धक नाही. कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांनी मार्च २०२४ मध्ये एर्मेस कंपनीवर असाच दावा लावला. वस्तू घड्याळ नव्हे, बर्किन बॅग. तक्रार तीच, की आधी चपला, रुमाल, दागिने घ्या, मग बॅग दाखवू. सप्टेंबर २०२५ मध्ये दावा फेटाळला गेला. तिथला स्पर्धा कायदा विचारतो की बाजारातल्या स्पर्धेचं काय नुकसान झालं, आणि श्रीमंत गिऱ्हाइकाचा हिरमोड हे त्याचं उत्तर होत नाही. आपल्या ग्राहक कायद्याचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून माझी उत्सुकताही शिल्लक आहे. एखाद्यानं मेसेज, बिलं, सगळं जपून जिल्हा आयोगात जाऊन पाहावं. पन्नास लाखांपर्यंत मोबदला असेल तर जिल्हा आयोगच पुरतो, मुंबईचा वकील गाठून दिल्लीला जावं लागत नाही.

कंपन्यांची बाजू नाही असं नाही. घड्याळ आज घेऊन उद्या दुप्पट भावात विकणारे आहेत, आणि २०२१-२२ मध्ये तर त्यांचा सुळसुळाट होता. दुकानदार त्यांना गाळू पाहतो, हे समजू शकतं. म्हणूनच वॉरंटी कार्डावर तारीख चढते, काही ठिकाणी कार्ड काही महिने दुकानातच ठेवून घेतात, आणि सीरियल नंबरवरून परतविक्री पकडली गेली तर त्या माणसाला दुकानाचं दार पुन्हा उघडत नाही. रोलेक्सनं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की टंचाई हे आमचं धोरण नाही. दर्जा न घसरवता मागणीएवढं उत्पादन करता येत नाही, इतकंच. बुल या स्विस गावात त्यांचा अवाढव्य नवा कारखाना उभा राहतो आहे, तो २०२९ मध्ये सुरू व्हायचाय. असेल. पण मग क्रमांकाची, पावतीची, सगळ्यांना दिसणारी रांग लावायला काय हरकत होती? परतविक्रीवाला गाळण्यासाठी हार कशाला विकावा लागतो?

आणि टंचाईवर कमाई होत नाही म्हणावं, तर डिसेंबर २०२२ मध्ये रोलेक्सनं स्वतःच ‘सर्टिफाइड प्री-ओन्ड’ योजना आणली. वापरलेली घड्याळं कंपनी तपासते, दोन वर्षांची हमी देते, आणि अधिकृत विक्रेताच ती विकतो. गाजलेल्या मॉडेलांच्या बाबतीत हे जुनं घड्याळ नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग असतं. म्हणजे एकाच दुकानात नवं मिळत नाही म्हणून जुनं जास्त पैसे देऊन घ्या. पुढच्याच वर्षी रोलेक्सनं बुखेरर ही घड्याळविक्रीची मोठी साखळी विकत घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणानं रोलेक्सला ९ कोटी १६ लाख युरोंचा दंड ठोकला, कारण विक्रेत्यांना ऑनलाइन विकायला बंदी. नकली मालाला आणि समांतर बाजाराला आळा घालण्यासाठी बंदी आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. प्राधिकरणाला ते पटलं नाही. मलाही पटलं नाही.

टंचाईतलं घड्याळ आपल्याकडे काही पहिल्यांदा आलेलं नाही. सिटिझनच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळुरूत एचएमटीची घड्याळं सुरू झाली, आणि पुढं कितीतरी वर्षं नवरदेवाला एचएमटी हवं म्हणून ओळखी काढाव्या लागत. ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांच्यासाठी मुंबईच्या किनाऱ्यावर स्मगलिंगचा माल उतरतच होता. ती टंचाई लायसन्स-परमिटची होती आणि तिचा कुणाला अभिमान नव्हता. झर्क्सेस देसाईंनी टायटन उभी केली, तेव्हा त्या कामाचा मोठा भाग दुकानाचा होता: उजेड भरपूर, घड्याळं समोर मांडलेली, हातात घेऊन पाहा, नको असेल तर ठेवून जा. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीनं मध्यमवर्गाला घड्याळाच्या दुकानात ताठ मानेनं उभं राहायला शिकवलं. नातवंडं आता पुन्हा ओळखी काढतायत.

ही सगळी रड मोजक्या मॉडेलांची, हेही सांगायला हवं. त्याच दुकानात दुसऱ्या काउंटरवर गेलात तर जग उलटं होतं. बहुतेक स्विस ब्रँडांची बहुतेक घड्याळं आजही गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेली असतात. तिथं ‘काही कमी होईल का?’ विचारायला लाजू नका. सरळ सूट नाही म्हणाले, तर जादा पट्टा मागा, पहिली सर्व्हिस मागा. दहा लाखांच्या दुकानात घासाघीस शोभत नाही असं आपल्यालाच वाटतं; दुकानदाराला अजिबात वाटत नाही. माझं तर मत आहे की ज्याला खरोखर घड्याळ आवडतं, त्यानं या दुसऱ्या काउंटरवरच रमावं. तिथला सेल्समन यंत्राबद्दल बोलतो. पहिल्या काउंटरवर बोलणं तुमच्याबद्दल असतं.

कपड्यांवरून माप काढण्याचा रोग दोन्हीकडे आहे. २०१३ मध्ये झुरिकच्या एका दुकानात ओप्रा विन्फ्रीला महागडी बॅग दाखवायला टाळाटाळ झाली, असं तिनं सांगितलं. दुकानानं तो गैरसमज असल्याचं म्हटलं, तरी स्विस पर्यटन खात्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. ओप्राचं हे, तर कोल्हापुरी चप्पल घालून आलेल्या ऊस बागायतदाराचं काय?

खरेदीनंतरची सेवा हा विषय पुरवण्यांत कुणी छापत नाही, कारण त्याचे फोटो चांगले येत नाहीत. पण गिऱ्हाइकाचं आणि दुकानाचं खरं नातं तिथंच कळतं. यांत्रिक घड्याळाला काही वर्षांनी तेलपाणी लागतंच. रोलेक्स सुमारे दहा वर्षांनी सर्व्हिस सुचवते आणि नव्या घड्याळाला पाच वर्षांची हमी देते. कोपऱ्यावरचा डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजी हे काम करू शकला असता. पण बड्या कंपन्यांनी बाहेरच्या कारागिरांना सुटे भाग देणं गेल्या काही दशकांत आवळत आणलं, स्वॉच ग्रुपनं तर २०१५ च्या अखेरीस बंदच केलं. म्हणून जायचं ते कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला, त्यांच्या दरात आणि त्यांच्या सवडीनं. घड्याळ अवघड असेल तर ते स्वित्झर्लंडला जाऊन येतं आणि तेवढे महिने मनगट मोकळं. बाहेरचा एखादा भाग बसवलेला सापडला, तर तो बदलल्याशिवाय ते कामच हातात घेत नाहीत, आणि त्या भागाचे पैसे तुमचेच.

एक गोष्ट मात्र तिथं न मागता मिळते: पॉलिश. घड्याळ नव्यासारखं चकचकीत होऊन येतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. प्रत्येक पॉलिशमध्ये केसचा थोडा धातू घासला जातो, कडा बोथट होतात, आणि पुढं विकायला गेलात की हाच चकचकीतपणा दाखवून दलाल भाव पाडतो. दुरुस्तीला टाकताना ‘पॉलिश करू नये’ हे जॉबशीटवर लिहून घ्या, त्याखाली सही घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा.