गोल्डफिश टाकीएवढाच वाढतो का?

‘गोल्डफिश टाकीच्या मापाचाच होतो’ हे तुम्ही ऐकलं असेल. पण मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. लहान टाकीत तो लवकर साचतो, माशाची भूक मंदावते आणि वाढ खुंटते. बीडच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे गेला की पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि अमोनिया जास्त घातक ठरतो. त्यात टंचाईमुळे आपण नेमकं तेव्हाच पाणी बदलणं टाळतो.

आता प्रयोग आखा. एक टाकी २० लिटरची, दुसरी १०० लिटरची. दोन्हींत सारखेच मासे, सारखंच खाद्य. मोठ्या टाकीतले जास्त वाढले, तर श्रेय जागेला की स्वच्छ पाण्याला? सांगता येणार नाही, कारण दोन व्हेरिएबल एकदम बदललेत. म्हणून दोन्हीकडे अमोनिया मोजून सारखा ठेवा. आणि एका टाकीतले दहा मासे म्हणजे दहा सॅम्पल नव्हेत. पाणी एकच, म्हणून सॅम्पलही एकच. मासे नको, टाक्या वाढवा.

घरी मात्र दोन्ही द्या: मोठी टाकी आणि फिल्टर. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. नळाचं पाणी आधी दिवसभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते खतच!