न्हाणीघर नव्याने बांधताना
यवतमाळ, वणी भागात न्हाणीघर नव्याने करायचं तर आधी जमीन ओळखा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्याबरोबर भिंती आणि नळाचे सांधे हलतात. म्हणून महागड्या टाइल्सपेक्षा वॉटरप्रूफिंगवर पैसा घाला. तो थर वाळला की नहाणी ट्रॅपच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घट्ट बसवा, दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ ओढा. 48 तासांनी रेघ आणि बाहेरची भिंत स्वतः बघा, ओल दिसते का. मिस्त्री घाई करतोच, त्याला थांबवा. फरशीला मीटरमागे दीड सेंटिमीटर उतार पुरतो. बोअरचं पाणी जड असेल तर नळांवर पांढरा थर चढतो. तो ॲसिडने काढला तर सांध्यातलं सिमेंटही झिजतं. रोज कोरड्या फडक्याने नळ पुसलेला बरा.