उसाच्या पानाचा फोटो काढताना खाली काय अंथराल?



पूर्वी उसावर काही वेगळे दिसले की सभासद पान खुडून, पिशवीत घालून गट ऑफिसला घेऊन येत. ऑफिसात पोहोचेपर्यंत त्या पानाची सुरळी झालेली असे. आता पानाऐवजी फोनवर फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न असतो, "साहेब, हे काय आहे आणि काय मारू?" सोय चांगलीच आहे. पण यातल्या बऱ्याच फोटोंवरून आम्हाला खात्रीने उत्तर देता येत नाही. फोन साधा आहे म्हणून नव्हे. कोणी फुलाफुलांच्या मेणकापडावर पान ठेवतो, कोणी खताच्या पोत्यावर, कोणी निळ्या ताडपत्रीवर, तर कोणी मोटारसायकलच्या सीटवर. पानाखाली जे असते तेच पानाचा रंग बिघडवते. म्हणून या अंकात औषधाऐवजी अंथरुणाविषयी लिहीत आहोत.

रंगाला एवढे महत्त्व का, ते आधी पाहू. ऊस पिवळा पडला की आपला हात पहिल्यांदा युरियाच्या पोत्याकडे जातो. नत्र कमी पडले असेल तर खालची, जुनी पाने आधी आणि सरसकट फिकी पडतात. पण चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे झाले की वरची कोवळी पाने पिवळी होतात, आणि त्यांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. यालाच आपण ऊस केवडा पडला म्हणतो. तेथे हिराकस लागते, युरिया टाकून काही उपयोग नाही. हिरव्या शिरा आणि पिवळा मधला भाग हा फरक अगदी बारीक असतो. फोटोत सगळेच पान पिवळट आले की तो पुसला जातो, आणि चुकीचे पोते रानात जाते.

तांबेऱ्याचेही तसेच आहे. तांबेऱ्याचे लांबट बारीक फोड मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूस असतात आणि बोट फिरवले तर नारिंगी-तपकिरी भुकटी बोटाला लागते. तपकिरी ठिपक्यांचा रोग जास्त पावसाच्या, दमट भागात येतो. त्याचे ठिपके दोन्ही बाजूंना दिसतात, त्यांभोवती पिवळी कडा असते आणि बोटाला काही लागत नाही. हे सगळे फोटोत दिसायचे तर ठिपक्याचा खरा तपकिरी रंग आणि ती पिवळी कडा, दोन्ही जशीच्या तशी यायला हवीत. बोट फिरवून पाहण्याचे काम मात्र तुम्हालाच करावे लागेल, आणि भुकटी लागली की नाही ते फोटोखाली लिहावे.

आता फोनचा कॅमेरा काय करतो ते समजून घ्या. समोर जे दिसते त्या सगळ्याच्या उजेडाचा तो अंदाज घेतो आणि चित्र ना फार उजळ ना फार काळे, असे मध्यम करायला बघतो. पांढऱ्या शुभ्र कागदावर पान ठेवले तर त्याला वाटते उजेड फार आहे, मग तो चित्र दाबतो आणि पान काळपट येते. काळ्या सीटवर ठेवले तर उलटे होते, पान भाजल्यासारखे फिके पडते. रंगाचेही तो असेच जुळवून घेतो. निळ्या ताडपत्रीचा निळेपणा कमी करायच्या नादात पानावर पिवळी झाक येऊ शकते, आणि वर ताडपत्री चकाकते ती वेगळीच. हिरव्या सतरंजीवर पानाची कडाच सापडत नाही. वर्तमानपत्रावर ठेवले तर ठिपका कोणता आणि अक्षर कोणते, हे बघत बसावे लागते. थोडक्यात, अंथरूण असे हवे की त्याला स्वतःचा रंग नाही, चकाकी नाही, नक्षी नाही, आणि ते ना पांढरे ना काळे. म्हणजे राखाडी.

हे विकत आणायला कुठेही जायचे कारण नाही. आपल्याकडे जुन्या घरांतून ओसरीला शहाबादी फरशी असतेच. ती राखाडी असते, खरबरीत असते, चकाकत नाही. पानाच्या फोटोला यापेक्षा चांगली जागा आम्हाला तरी माहीत नाही. मात्र फरशी कोरडी हवी. ओली झाली की ती काळी पडते आणि आरशासारखी चमकते. फरशी नसेल तर सिमेंटचा कोबाही तेवढाच चांगला. गोठ्यासमोरचा, गव्हाणीजवळचा कोबा चालेल, फक्त झाडून घ्या. नव्या घरातल्या गुळगुळीत टाइल्स दिसायला कितीही सुंदर असल्या तरी या कामाला त्या उपयोगाच्या नाहीत. पानाशेजारी ट्यूबलाइट आणि फोटो काढणाऱ्याचे तोंड दोन्ही त्यात दिसतात.

रानात नेण्यासाठी काही हवे असेल तर स्टेशनरीच्या दुकानातून राखाडी रंगाचा कार्डशीट घ्यावा, तो फार तर चहापाण्याच्या पैशात मिळतो. खोक्याचा पुठ्ठा फुकट असतो, पण तो तपकिरी असतो. त्यावर तपकिरी ठिपके आणि करपलेली टोके हरवतात. पिवळेपणा पाहायचा असेल तर पुठ्ठा चालून जातो. बारदानाचेही तसेच, शिवाय त्याची वीण पानाच्या रेघांत मिसळते. शेणाने सारवलेली जमीन चकाकत नाही हा तिचा गुण, पण तिला स्वतःचा रंग आहे.

फोटो सावलीत काढावा, पण उजेडाच्या सावलीत. सकाळी ओसरीच्या कडेला असतो तसा उजेड हवा. भर उन्हात पान चकाकते, आणि आंब्याखाली बसून काढला तर पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो. निळ्या कागदाच्या छपराखालचा उजेड निळा असतो. फ्लॅश बंद ठेवावा. पान दव पुसून सपाट ठेवावे, दोन्ही टोकांना खडे ठेवावेत, आणि फोन बरोबर वरून, फरशीला समांतर धरावा. एक पान वरच्या बाजूने आणि शेजारी दुसरे उलटे ठेवले की एकाच फोटोत दोन्ही बाजू येतात. कोपऱ्यात पांढऱ्या कागदाची चिठ्ठी ठेवून तीवर गट नंबर, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहावी, खोडवा असेल तर तसे लिहावे. या चिठ्ठीचा आणखी एक उपयोग आहे. कागद पांढरा आहे हे आम्हाला माहीत असते. फोटोत तो पिवळट दिसला तर पानही तेवढेच पिवळट आले आहे, हे कळते.

हुमणीला मात्र पांढरे किंवा राखाडी काही नको. अळी मळकट पांढरी असते, तिला मुलांची काळी पाटी उत्तम. अळी धुऊन पाटीवर उताणी ठेवावी आणि शेपटीकडच्या शेवटच्या भागाचा जवळून फोटो घ्यावा. फोनच्या पडद्यावर अळीवरच बोट टेकवावे, म्हणजे कॅमेरा पाटीकडे न बघता अळीकडे बघतो. शेपटीच्या टोकाला बारीक केसांची रचना असते आणि तीवरून हुमणीची जात ओळखतात. जात कळण्यावर बरेच अवलंबून आहे. होलोट्रिकिया जातीच्या हुमणीची पिढी एका वर्षात पूर्ण होते, तर ल्युकोफोलिस जातीची दोन वर्षे घेते. दोन वर्षांच्या हुमणीला एक वर्षाचा हिशेब लावला तर दुसऱ्या वर्षी ऊस पुन्हा वाळतो आणि औषधच बोगस होते असे आपण म्हणतो. भुंगेरे तपकिरी असतात, त्यांच्यासाठी जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ घ्या.

ऊस आतून लाल झाल्याची शंका असेल तर कांडी उभी चिरून चिरलेली बाजू वर करून ठेवावी. लाल कूज असेल तर लाल भागात आडवे पांढरे पट्टे दिसतात आणि आंबूस वास येतो. हे पांढरे पट्टे हीच खरी खूण. म्हणून कांडी मुरमाच्या अंगणात किंवा विटेवर ठेवू नका, लालात लाल मिसळते. आणि चिरल्याबरोबर फोटो काढा. हवा लागली की निरोगी उसाचा कापही थोड्या वेळात तांबूस पडतो. आंबूस वास आला का, ते फोटोखाली लिहायला विसरू नका.

आमच्या काही भगिनी बचत गटातून गूळ आणि काकवी विकतात, त्यांनाही हीच फरशी उपयोगी पडेल. ताटात जरीचे वस्त्र अंथरून गुळाच्या ढेपेचा फोटो काढण्याची हौस आम्ही समजू शकतो. पण गिऱ्हाईक गूळ बघायला आलेले असते. काळ्या कडप्प्यावर गूळ आहे त्यापेक्षा फिका आणि सोनेरी दिसतो, आणि रसायनाशिवाय केलेला गूळ तर थोडा काळपटच असतो. फोटोत सोनेरी आणि हातात काळपट असे झाले तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. फरशी नको वाटली तर जुने, धुऊन इस्त्री केलेले, बिनकाठाचे फिकट राखी सुती कापड घ्यावे. काकवी स्टीलच्या वाटीत नको, त्यात आढ्यासकट सगळे दिसते. चिनी मातीच्या पांढऱ्या वाटीत ओतली की तिचा रंग खरा कळतो.

एका रोगाला मात्र यातले काहीही लागू करू नका, तो म्हणजे चाबूक काणी. शेंड्यातून काळा चाबूक निघालेला दिसला तर तो तोडून फरशीवर ठेवायला घरी आणायचा नाही. त्यावरची काळी भुकटी म्हणजे रोगाचे बीजच, आणि ती वाटेतल्या सगळ्या सरींवर उडत येते. तेथे अंथरूणच उसाकडे न्यायचे. एकाने कार्डशीट चाबकामागे, त्याला न टेकवता धरावा, दुसऱ्याने फोटो काढावा. मग चाबकावर पिशवी अलगद चढवून तोंड बांधावे, तो कापून घ्यावा, बेट मुळासकट उपटावे आणि दोन्ही तेथेच बांधावर जाळावे. त्या प्लॉटचे बेणे कोणी मागितले असेल तर ते देऊ नये, आणि चिटबॉयला त्याच दिवशी कळवावे.