पायथनचं पॅकेज इन्स्टॉल होत नाहीये? शेवटची नाही, वरची ओळ वाचा

उद्या प्रोजेक्टचं सबमिशन आहे. नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये, कॉलेजच्याच वायफायवर एक विद्यार्थी 'पिप इन्स्टॉल पांडाज' अशी कमांड देतो. बराच वेळ काही हलत नाही. मग लाल अक्षरांत एरर येते: पॅकेजचं योग्य व्हर्जन सापडलं नाही. तो स्पेलिंग तपासतो, पायथन काढून पुन्हा टाकतो. एरर तीच.

खरं तर पॅकेज जागेवरच असतं. तिथपर्यंत जाणारा रस्ता बंद असतो.

असं का होतं?

पिप आधी 'पायपीआय डॉट ऑर्ग'वर व्हर्जनची यादी बघतं आणि मग 'फाइल्स डॉट पायथनहोस्टेड डॉट ऑर्ग' या दुसऱ्या पत्त्यावरून फाइल उतरवतं. यादीच मिळाली नाही, तर साधारणपणे पाच वेळा पुन्हा प्रयत्न करतं आणि शेवटी 'व्हर्जन सापडलं नाही' म्हणून थांबतं. म्हणून शेवटची ओळ फसवी ठरते. खरं कारण तिच्या वर, 'रीट्रायिंग' लिहिलेल्या ओळींमध्ये असतं.

त्या ओळीत काय दिसतंय?

• 'गेटॲड्रइन्फो फेल्ड' किंवा 'नेम रिझोल्यूशन': वेबसाइटच्या नावावरून पत्ताच सापडला नाही. इंटरनेट सुरू आहे का ते बघा, मग डीएनएस बदलून पाहा. नेटवर्कला प्रॉक्सी असेल तर तीही तपासा.

• 'रीड टाइम्ड आउट': नेट संथ आहे. पिप १५ सेकंदच वाट बघतं. 'टाइमआउट' पर्याय देऊन ही वेळ १०० सेकंद करा.

• '४०७': प्रॉक्सी नाव आणि पासवर्ड मागतेय. ब्राउझरला ते माहीत असतं, पिपला वेगळं सांगावं लागतं. म्हणूनच यूट्यूब चालतं, पण पॅकेज येत नाही.

• 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड': आधी लॅपटॉपची तारीख-वेळ बघा. ती बरोबर असेल, तर नेटवर्कची फायरवॉल मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट लावत असू शकते. आयटी विभागाकडून ते मागून घ्या आणि 'सर्ट' पर्यायाने पिपला द्या.

दोष नेमका कुठे आहे, हे ओळखायचं कसं?

मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तीच कमांड द्या. चालली, तर लॅपटॉप ठीक आहे, अडचण कॉलेजच्या नेटवर्कमध्ये आहे. मग नेटवर्क सांभाळणाऱ्यांना वरचे दोन्ही पत्ते लिहून द्या. एकच सुरू झाला, तर काम अर्ध्यावर अडेल.

कधी अडथळा कॉलेजच्याही बाहेर असतो. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई एटीएसच्या मागणीनंतर दूरसंचार विभागाने ३२ पत्ते ब्लॉक करायला सांगितले होते. त्यात गिटहबही होतं. काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झालं, पण तोवर अनेकांचं काम अडलं होतं.

कोणता सल्ला ऐकू नये?

सर्टिफिकेटची एरर आली की 'ट्रस्टेड होस्ट' लावा, एनपीएममध्ये 'स्ट्रिक्ट एसएसएल' बंद करा, असा सल्ला हमखास मिळतो. एरर जाते, पण समोरची वेबसाइट खरी आहे का, ही तपासणीही जाते. मधल्या कुणीही पॅकेज बदलून पाठवलं, तरी कळणार नाही, आणि इन्स्टॉल होतानाच त्यातला कोड तुमच्या लॅपटॉपवर चालू शकतो. एनपीएमची ही सेटिंग तर पुन्हा बदलेपर्यंत तशीच राहते.

आजच रात्री काम हवं असेल तर?

ज्याचं नेट चालतंय अशा मित्राला 'पिप डाउनलोड' कमांड द्यायला सांगा. पॅकेज आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस एका फोल्डरमध्ये येतील. ते पेनड्राइव्हवर घ्या आणि 'नो इंडेक्स' व 'फाइंड लिंक्स' हे पर्याय देऊन नेटशिवाय इन्स्टॉल करा. फक्त दोघांची ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथनचं व्हर्जन सारखं हवं.