दृष्टिपटलाची राखण – ७ : डोळ्यात बसवलेली कुपी

पेशींना तगवणारे प्रथिन सापडणे वेगळे आणि ते दृष्टिपटलाला रोज, वर्षानुवर्षे पुरवणे वेगळे. १९९० मधल्या उंदरांवरील एका प्रयोगाने पहिली गोष्ट साधली. दुसरीसाठी आणखी ३५ वर्षे लागली. ही मधली वाटचाल लेखांकभर सांगण्याजोगी आहे.

‘औषध डोळ्यात थेंब टाकून का देत नाहीत?’ हा वाचकांचा प्रश्न या वाटचालीच्या मुळाशीच आहे. थेंबातील बहुतेक औषध अश्रूंबरोबर वाहून जाते आणि प्रथिनाचे मोठे रेणू पारपटलातून आत शिरत नाहीत. रक्तातून द्यावे, तर दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांच्या भिंती मेंदूतल्या वाहिन्यांइतक्याच घट्ट असतात. शिवाय रक्तात सोडलेले प्रथिन सगळ्या शरीरभर फिरते. सीएनटीएफ, म्हणजे सिलियरी न्यूरोट्रॉफिक फॅक्टर, या प्रथिनाच्या बाबतीत याचा अनुभव १९९० च्या दशकातच आला. ‘एएलएस’ या चेतापेशींच्या आजारात ते त्वचेखाली टोचून पाहिले गेले. आजार थांबला नाही. रुग्णांची भूक मात्र मंदावली, वजन घटले आणि खोकला सुरू झाला.

उरतो तो डोळ्यातील काचाभ द्रव. तिथे सुई पोहोचते, पण टोचलेले सीएनटीएफ फार काळ टिकत नाही. त्यात उंदरांच्या प्रयोगांतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली होती : नुसते मिठाचे पाणी टोचले तरी सुईच्या वाटेभोवतीच्या प्रकाशग्राही पेशी काही काळ वाचत. इजा झालेले दृष्टिपटल स्वतःच रक्षक घटक तयार करते, हे त्यातून उमगले. शरीरात हे घटक पेशीच बनवतात; मग बाहेरूनही प्रथिनाऐवजी ते बनवणाऱ्या पेशीच आत का ठेवू नयेत, या विचारातून कुपी घडली.

ही कुपी सुमारे ६ मिलिमीटर लांब आणि १.३ मिलिमीटर जाड असते. आत धाग्यांचा आधार आणि त्यावर वसलेल्या काही लाख मानवी पेशी. या पेशी ‘एआरपीई-१९’ या वाणाच्या. १९ वर्षांच्या एका मृत तरुणाच्या डोळ्यातील रंजक थरापासून तो तयार झाला आणि १९९६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. सीएनटीएफचे जनुक त्यांच्यात घातलेले असते. काचाभ द्रवात प्राणवायू आणि पोषण दोन्ही तुटपुंजे, तरीही हा काटक वाण तिथे तग धरतो.

सगळी करामत कुपीच्या भिंतीत आहे. तिची छिद्रे इतकी बारीक, की प्राणवायू आणि पोषकद्रव्ये आत येतात, सीएनटीएफ बाहेर झिरपते, पण रुग्णाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी आत शिरू शकत नाहीत आणि कुपीतल्या पेशी बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून परक्याच्या पेशी असूनही त्या मारल्या जात नाहीत. श्वेतपटलाला छोटा छेद देऊन कुपी आत सरकवतात आणि टायटॅनियमच्या कडीने टाका घालून अडकवतात. गरज पडल्यास ती काढूनही घेता येते.

बाहेर पडलेले सीएनटीएफ प्रामुख्याने म्युलर पेशींना जागे करते. दृष्टिपटलाच्या सर्व थरांना आधार देणाऱ्या या पेशी मग प्रकाशग्राही पेशींना मदत पोहोचवतात.

माणसांवरील पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. रेटिनायटिस पिगमेंटोसा या दृष्टिपटलाच्या आजाराच्या १० रुग्णांच्या डोळ्यांत सहा महिने ठेवलेल्या कुप्या बाहेर काढल्या, तेव्हा पेशी जिवंत होत्या आणि सीएनटीएफ बनवत होत्या. पुढच्या मोठ्या चाचण्यांत मात्र दृष्टी सुधारली नाही. तरीही २०११ मध्ये मोजक्या रुग्णांच्या शंकू पेशी एकेक करून मोजल्या, तेव्हा कुपी नसलेल्या डोळ्यातल्या पेशी घटत होत्या आणि कुपी असलेल्या डोळ्यातल्या टिकून होत्या. अक्षरतक्त्यावर न दिसणारा फरक पेशींच्या मोजणीत दिसला.

यातून दोन धडे मिळाले : आजार सावकाश पसरणारा निवडावा आणि मोजावे ते पेशींचे क्षेत्र. मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया प्रकार २ हा तसा आजार. साधारण चाळिशी-पन्नाशीत पीतबिंदूजवळच्या प्रकाशग्राही पेशी झडू लागतात आणि वाचताना अक्षरे गळतात. २२८ रुग्णांच्या दोन समांतर चाचण्यांत, २४ महिन्यांत, पेशींच्या क्षेत्राची झीज कुपीमुळे एका चाचणीत सुमारे ५५ टक्क्यांनी आणि दुसरीत सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘एनसेल्टो’ या नावाने या कुपीला मान्यता दिली. या आजारावरचे ते पहिले मान्य औषध.

मर्यादाही स्पष्ट आहेत. काही रुग्णांची बाहुली आकसते, अंधाराला डोळा सरावायला जास्त वेळ लागतो, शस्त्रक्रियेचे धोके असतातच. अक्षरतक्त्यावरची नजरही या चाचण्यांत वाढलेली दिसली नाही. सीएनटीएफ मेलेली पेशी परत आणत नाही, असलेली राखते. त्यामुळे कुपीचा खरा लाभ त्यालाच, ज्याच्या पीतबिंदूजवळ राखण्याजोग्या पेशी अजून शिल्लक आहेत. म्हणून या उपचारात निदान जितके लवकर, तितके वाचणारे क्षेत्र मोठे.