ऐकायचं किती, लिहायचं किती

मुंबईत डोंगरीच्या उमरखाडी भागात मुलांचं जे निरीक्षणगृह आहे, ते मुळात तुरुंग म्हणून बांधलेलं. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी शिक्षा भोगली ती इथंच. आगरकरांच्या ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकातली डोंगरी ती हीच. पुढे १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि काळाच्या ओघात या भिंतींआड मुलं राहू लागली. जागा तुरुंगाची आणि हेतू घराचा, असा हा पेच आहे. निरीक्षणगृह कुठलंही असो, या पेचात रोज उभी असते ती तिथली समुपदेशक.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच एका निरीक्षणगृहात मी काही आठवडे जात होतो, तिथल्या समुपदेशक ताईंचं काम पाहत होतो. मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून इथं गावही नाही, नावही नाही, आणि ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. लोक ‘रिमांड होम’ म्हणतात, वर्तमानपत्रं ‘बालसुधारगृह’ लिहितात. पण निरीक्षणगृहातल्या मुलावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नसतो, चौकशी चालू असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार ताब्यात घेतलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली किमान एक स्त्री. आणि जामीन हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. म्हणजे निरीक्षणगृहात जो मागे उरतो, त्याचा जामीन एक तर मंडळानं कारण देऊन नाकारलेला असतो, किंवा जामीन मिळूनही त्याला न्यायला कुणी आलेलं नसतं. हे दुसरं कारण मला तिथं जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

ताईंची खोली लहान आहे. लोखंडी कपाट, त्यावर कॅरम बोर्ड, एक टेबल. ताई टेबलामागे बसत नाहीत, खुर्ची ओढून मुलाच्या बाजूला, जरा तिरकी लावतात. मुलगा त्यांच्यापर्यंत येतो तोवर त्यानं घडलेली गोष्ट पोलिसांना, मंडळाला, परिवीक्षा अधिकाऱ्याला, वकिलाला सांगून झालेली असते. इथंही तो तिथूनच सुरुवात करतो. ‘मॅडम, मी फक्त गाडीवर मागं बसलो होतो.’ ताई थांबवतात. ‘ते राहू दे. आधी मी कोण, ते ऐक.’ आणि मग त्या सांगतात की बोलण्यातलं काय त्यांच्यापाशी राहील आणि काय कळवावं लागेल. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा विचार असेल, इथं कुणी मारलं-छळलं असेल, तर ते लपवता येणार नाही. मंडळाला अहवाल जातो, तो लिहिण्याआधी त्यात काय असेल ते मुलाला सांगितलं जाईल. बरीच मुलं हे ऐकून गप्पच होतात. ताईंना ते चालतं. फसवून बोलतं करण्यापेक्षा गप्प बरा, असं त्यांचं म्हणणं.

ऐकणं आणि लिहिणं यांतली ही ओढाताण या नोकरीचा गाभा आहे. १६ वर्षांपुढच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असला, म्हणजे ज्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे असा, तर मंडळाला तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करावं लागतं. मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता किती, परिणामांची समज किती, हे पाहून त्याचा खटला मोठ्यांप्रमाणे चालवायचा का, ते ठरतं. मंडळावर मानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारकच, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं. चांगलाच निकाल. पण त्यातून कागदाचं वजन किती आहे तेही कळतं. मुलानं विश्वासानं सांगितलेलं वाक्य त्याच्यावरच उलटू शकतं. म्हणून उपचारासाठी ऐकणारी व्यक्ती आणि मूल्यांकन लिहिणारी व्यक्ती एकच असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी दिवस कसा जातो ते थोडक्यात सांगतो. नवीन मुलाच्या पहिल्या दोन-चार रात्री कठीण. सोल्युशन हुंगणारा किंवा ‘बटन’ गोळ्या घेणारा असेल तर हात थरथरतात, झोप येत नाही, भांडण उकरून काढतो. अशा वेळी गरज डॉक्टरची असते, समजावणीची नसते, आणि ते ओळखणं हेही ताईंचंच काम. काही मुलं ‘पोक्सो’खाली येतात. सतरा वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची मुलगी, दोघं घरातून निघून गेलेली. तो म्हणतो, ‘आमचं लग्न ठरलंय.’ त्याला संमतीचं वय समजावून सांगताना त्याच्या भावनेची थट्टा होऊ द्यायची नाही, हे मी ताईंना तीनदा करताना पाहिलं. तिन्ही वेळा शब्द वेगळे होते.

एका मुलाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, त्याला विचारूनच. शहरात चुलतभावाकडे राहणारा, गॅरेजात काम करणारा. कुणाच्या तरी वाढदिवसाला कोयत्यानं केक कापला, त्याची रील केली आणि नंतर त्याच धुंदीत चार गाड्यांच्या काचा फोडल्या. जामीन मिळाला होता. न्यायला कुणी येईना. आई-वडील मराठवाड्यातले, ऊसतोडीला गेलेले. ताई रोज फोन लावायच्या. वडील म्हणाले, ‘राहू द्या त्याला तिथंच. सुधरंल.’ ताईंनी वाद घातला नाही. ‘आज किती टन झाला?’ असं विचारलं. चौथ्या फोनला खरं कारण आलं. उचल घेतलेली होती. दोघांपैकी एक जरी निघून आला तरी खाडा पडणार, मुकादम पैसे कापणार. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती अशी कोयत्यावर मोजून.

मुलाला ताईंनी फक्त एवढंच सांगितलं की बाबांना यायचंय, येता येत नाहीये. तो कॅरमच्या सोंगट्या रचत बसला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘आई कोयता कोपीच्या कुडाला उंच खोचून ठेवायची. आमच्या हाताला लागू नये म्हणून.’ तीन आठवड्यांत कोयत्याचा विषय त्यानं आपणहून काढला तो तेव्हा. हे वाक्य अहवालात नाही. अहवालात आहे ते पालकांचं स्थलांतर, मामाची तयारी आणि शाळेत परत घालण्याची शिफारस. मामाला ताईंनीच शोधून काढलं होतं. तो आधार कार्ड आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आला आणि हमीपत्रावर सही करून भाच्याला घेऊन गेला.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली, संतापही रास्त होता. त्याच आदेशात समुपदेशनाचीही अट होती. ते कुणी करायचं, किती दिवस, त्या माणसाच्या हाताशी काय साधनं आहेत, हा प्रश्न त्या गदारोळात मला फारसा ऐकू आला नाही. ‘एवढीशी शिक्षा?’ असं विचारणाऱ्यांनी हाही प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. कारण बहुतेक मुलं आज ना उद्या आपल्याच गल्लीत परत येणार आहेत.

समुपदेशकाचं पद कायम असायला हवं. मूल बोलायला महिना लावतं आणि माणूस बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. मी पाहिलेल्या ताई मानधनावर आहेत, करार अकरा महिन्यांचा. मार्चअखेर तो संपतो. मामाकडे गेलेल्या त्या मुलाची मंडळापुढची पुढची तारीख एप्रिलमध्ये आहे.